जुन्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड: आधी कॅबिनेट उघडा

कोपरखैरण्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचं कार्ड जवळजवळ ठरलंच होतं. "मामा, आरएक्स ६५०० एक्सटी सेकंडहँड मिळतंय. देणारा रबाळ्यालाच राहतो, संध्याकाळी जाऊन घेऊन येतो. चालेल ना?" शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने दीड वर्षात वीस हजार रुपये जमवले होते. मी विचारलं, तुझ्या मदरबोर्डवरचा स्लॉट कोणत्या पिढीचा आहे? आणि एसएमपीएसवर, म्हणजे वीज देणाऱ्या डब्यावर, बारा व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत? दोन्हींचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हटलं, आज रबाळ्याला जाऊ नकोस. रविवारी मी ठाण्याहून येतो, आधी कॅबिनेट उघडू.

कार्ड घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण कार्डापासूनच सुरुवात करतात. यूट्यूबवर दोन कार्डांची तुलना बघायची आणि जास्त एफपीएस, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं, देणारं उचलायचं. पण त्या तुलना सहसा नव्या, तगड्या प्रोसेसरवर केलेल्या असतात, कारण तिथे फक्त कार्डाची परीक्षा घ्यायची असते. आपल्या घरच्या दहा वर्षं जुन्या मशीनमध्ये तेच कार्ड तसंच पळेल याची खात्री नसते. काय चालेल, काय अडेल, हे जुनं मशीन स्वतःच सांगतं. ते वाचायला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो.

भाच्याचं मशीन असं: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४५९० प्रोसेसर, २०१४ सालचा. आठ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी. दोन जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड, तेही २०१४चंच. एक टीबीची हार्ड डिस्क आणि साठ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. अशी मशीनं मी ठाण्यात आणि नवी मुंबईत कितीतरी घरांत पाहिली आहेत. मोठ्या भावाने घेतलेलं, नंतर धाकट्याकडे आलेलं, अजून ठणठणीत.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गेम चालताना प्रोसेसर आणि कार्ड वेगवेगळी कामं करतात. पाडव्याच्या सुमाराला ठाण्यात गावदेवी मैदानावर भली मोठी रांगोळी काढतात, ती पाहिली असेल तर हे पटकन कळेल. आधी एक-दोन जाणती माणसं आराखडा आखतात, कोणती रेघ कुठून कुठे जाणार ते ठरवतात. मग रंग भरायला कितीतरी जण बसतात. प्रोसेसर म्हणजे आखणारा. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं का, पडद्यावर काय काय काढायचं, हे सगळं तो ठरवतो आणि यादी पुढे देतो. कार्ड म्हणजे रंग भरणारे. आय५-४५९०मध्ये आखणारे चार आहेत, त्यांना कोअर म्हणतात. ७५० टीआयमध्ये रंग भरणारे ६४०, आणि आरएक्स ६६००मध्ये १,७९२. जीटीएक्स-आरटीएक्स एनव्हीडियाची, आरएक्स एएमडीची, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे हे आकडे एकमेकांशी थेट तोलता येत नाहीत, पण चार विरुद्ध शेकडो-हजारो हा प्रकार लक्षात येतो.

मैदानावरची रांगोळी एकदाच काढायची असते. गेममध्ये ती सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढायची, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. फुल एचडी पडद्यावर भरायचे ठिपके असतात २०,७३,६००. आखणारा मागे पडला तर रंग भरणारे हातावर हात ठेवून बसतात. रंग भरणारे मागे पडले तर आखणारा थांबतो. नवं कार्ड घेतलं म्हणजे आपण रंग भरणारे वाढवले. आखणाराच दमला असेल तर त्या पैशांनी काहीच हलत नाही.

कोण दमलंय हे घरच्या घरी कळतं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यात जीपीयूचा आलेख बघा. कार्ड सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्डच कमी पडतंय. ते साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि तरीही गेम अडखळत असेल तर प्रोसेसरकडे बघा. इथे एक फसगत होते. प्रोसेसरचा एकूण आकडा ६० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असं धरू नका, कारण चारपैकी एकच कोअर पूर्ण भरलेला असू शकतो आणि गेम नेमका त्याच्यावर अडतो. म्हणून दुसरी परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२०वर आणा. एफपीएस चांगला वाढला तर कार्ड दमलं होतं. जवळजवळ तेवढाच राहिला तर प्रोसेसर. परीक्षा घेताना व्ही-सिंक (एफपीएसला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर दोन्ही वेळा साठच दिसेल आणि तुम्ही चुकीच्या निष्कर्षावर पोचाल.

भाच्याकडे दोन्ही प्रकार सापडले. मोठ्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये कार्ड ९९ टक्क्यांवर आणि त्याची दोन जीबी मेमरी काठोकाठ भरलेली. व्हॅलोरंटमध्ये मात्र त्याने सगळ्या सेटिंग्ज तळाला आणल्या होत्या, तिथे कार्ड पासष्टच्या आसपास आणि प्रोसेसर घामाघूम. म्हणजे नव्या कार्डाने पहिला गेम बदलेल, दुसरा फारसा नाही. हे त्याला पैसे खर्च करण्याआधी कळलं याचं मला समाधान वाटलं. मित्रांबरोबर खेळायचा त्याचा रोजचा गेम व्हॅलोरंटच आहे, आणि आपली सगळी बचत त्या गेमसाठीच आहे असं तो धरून चालला होता.

मग कॅबिनेटचे स्क्रू काढले.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. त्याखाली बारीक तक्ता, आणि त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. गुणाकार केला तर १६८ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही आपली वीज याच १२ व्होल्टमधून ओढतात, म्हणून आपल्या कामाचा आकडा हाच. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, त्यांचा आजच्या कार्डाला उपयोग नाही. आय५-४५९०चं रेटिंग ८४ वॅट, आरएक्स ६६००चं १३२. दोघांची बेरीज २१६, आणि पंखे, हार्ड डिस्क, मदरबोर्ड अजून मोजलेलेच नाहीत. शिवाय कार्ड एखाद्या क्षणाला आपल्या रेटिंगच्या वर झेप घेतं. अशा एसएमपीएसवर गेम चालू असताना मशीन अचानक बंद पडतं, आणि लोक नव्या कार्डाला दोष देत दुकानात जातात.

यात मी थोडा जास्त वेळ घालवतोय, कारण मी हे भोगलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मी नवं कार्ड चढवलं होतं. तीन आठवडे सगळं व्यवस्थित चाललं. एका मे महिन्याच्या दुपारी जळका वास आला, आणि जाताना एसएमपीएस मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचलं, पण ते लावायला मशीनच उरलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो: बजेट वीस हजार असेल तर कार्डाचं बजेट सतरा धरा आणि उरलेले चांगल्या एसएमपीएससाठी बाजूला काढा. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा ४५० वॅटचा एसएमपीएस घेतलात तर १२ व्होल्टला ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसेल. अशा मशीनला तो पुरून उरतो, आणि पुढच्या कॉम्प्युटरमध्येही कामाला येतो.

वीज कार्डापर्यंत पोचते दोन वाटांनी. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट. त्याहून जास्त लागली तर एसएमपीएसची वेगळी वायर, सहा पिनांची ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. जुन्या एसएमपीएसवर ही वायर नसली की दुकानदार साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीला लावायचा कन्व्हर्टर काढून देतो. तो घेऊ नका. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. सहा पिनांवर कार्ड ७५ मागू शकतं. वरचे एकवीस वॅट प्लास्टिक वितळवायला पुरेसे आहेत.

ज्यांना एसएमपीएस बदलणं शक्यच नाही त्यांच्यासाठी फक्त स्लॉटच्या विजेवर चालणारी कार्डं आहेत. जीटीएक्स १६५० ७५ वॅटचं, आरएक्स ६४०० ५३ वॅटचं, आणि २०२४ साली आलेलं सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० ७० वॅटचं. १६५०च्या काही मॉडेलना मात्र सहा पिनांची वायर लागते, म्हणून कार्डाचा वरून काढलेला फोटो मागा. आणि ३०५० विचारताना 'सहा जीबी' हे शब्द स्पष्ट उच्चारा. आठ जीबीचं ३०५० हे वेगळं कार्ड आहे, १३० वॅटचं, जास्त वेगवान, पण त्याला वायर हवीच. नाव एक ठेवून दोन वेगळी कार्डं विकणं मला मुळीच पटत नाही. घेणाऱ्याची यात सरळ दिशाभूल होते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी भाच्याला रबाळ्याला जाऊ दिलं नाही.

कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं त्याला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. तो एक रस्ता आहे असं समजा. त्याला दोन मापं आहेत. एक म्हणजे किती लेन, आणि दुसरं, त्या लेनवर गाड्या किती वेगाने जातात. लेन सोळा, आठ किंवा चार असतात. वेग पिढीवर ठरतो. दुसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला सुमारे अर्धा जीबी जातो, तिसऱ्या पिढीत सुमारे एक जीबी, चौथ्या पिढीत सुमारे दोन. कार्ड आणि मदरबोर्ड यांत जो मागचा असेल त्याच्या वेगाने दोघं चालतात.

आरएक्स ६५०० एक्सटी चौथ्या पिढीचं आहे, पण कंपनीने त्याला लेन दिल्या फक्त चार. स्लॉट लांब असला आणि कार्डाची पट्टीही लांब दिसली तरी आतून जोडलेल्या चारच. नव्या मदरबोर्डवर चार गुणिले दोन, म्हणजे सेकंदाला आठ जीबी. भाच्याच्या बोर्डावर तिसरी पिढी, म्हणजे चार जीबी. निम्मा रस्ता गेला. दुसऱ्या पिढीच्या आय५सारख्या त्याहून जुन्या प्रोसेसरवर तर दोनच उरतात.

रोजच्या रहदारीला चार जीबीही पुरेल. अडतं कुठे, तर कार्डाची स्वतःची मेमरी भरली की. ६५०० एक्सटीवर मेमरी चार जीबीच आहे. भिंतींचे, झाडांचे, चेहऱ्यांचे पोत तिथे ठेवलेले असतात, आणि त्या मेमरीतून कार्ड सेकंदाला १४४ जीबी वाचू शकतं. आजचे मोठे गेम मध्यम सेटिंगलाही चार जीबीच्या वर जातात. मग उरलेले पोत कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवावे लागतात आणि लागेल तसे त्या चार लेनच्या रस्त्याने आणावे लागतात. १४४च्या जागी चार. घरातल्या डब्यातलं पीठ संपलं आणि भाकरी तव्यावर असताना कुणाला तरी चक्कीवर धाडलं, तशी गत. सरासरी एफपीएस ठीक दिसतो आणि खेळताना मात्र मधूनमधून खाडकन अडकतं. तुलनेच्या आलेखात हा झटका नीट दिसत नाही, हाताला लगेच जाणवतो.

हेच कार्ड नव्या मशीनमध्ये इतकं वाईट नाही. जुन्या मशीनसाठी म्हणून विकलं जाणारं स्वस्त कार्ड जुन्या मशीनमध्येच सगळ्यात जास्त अडावं, ही खरी अडचण. आरएक्स ६४००लाही चारच लेन आहेत. या दोन्ही कार्डांवर व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरही नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा किंवा लाइव्ह दाखवायचा तर तो भार पुन्हा बिचाऱ्या जुन्या प्रोसेसरवर.

आरएक्स ६६००ला आठ लेन आहेत, म्हणजे तिसऱ्या पिढीवर आठ जीबी. शिवाय स्वतःची मेमरी आठ जीबी, त्यामुळे बाहेर धावायची वेळच कमी येते. ३०५०लाही आठ लेन. १६५०, १६६० सुपर, आरएक्स ५८० आणि आरटीएक्स ३०६०ला पूर्ण सोळा. तुमच्याकडे एएमडीचा रायझन २२००जी किंवा ३२००जी असेल तर एक जास्तीची गोष्ट बघा. हे प्रोसेसर कार्डाला आठच लेन देतात, स्लॉट सोळाचा असला तरी. चालतं, फक्त माहीत असावं. आपल्याला किती मिळतायत हे जीपीयू-झेड नावाच्या छोट्या फुकट प्रोग्राममध्ये 'बस इंटरफेस'च्या ओळीत दिसतं. बघताना कार्डावर भार द्या, कारण रिकामं असताना ते वीज वाचवायला वेग खाली आणतं.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो. चौथ्या पिढीच्या आय५-आय७पासून रायझन ३०००पर्यंतच्या मशीनसाठी, फुल एचडी पडद्यावर आणि चांगला एसएमपीएस असताना, आरएक्स ६६००ला मी पहिली पसंती देतो. १३२ वॅट, आठ पिनांची एकच वायर, आठ जीबी. आणखी एक कारण आहे. नव्या धाटणीच्या बऱ्याच गेममध्ये एनव्हीडियाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो. तगड्या प्रोसेसरवर हा फरक दिसत नाही, चार कोअरच्या जुन्या आय५वर दिसतो. एसएमपीएस बदलायचा नसेल तर सहा जीबीचं ३०५०. त्यावर डीएलएसएस चालतं, म्हणजे लहान चित्र काढून ते चांगल्या प्रकारे मोठं करायची सोय. एएमडीची अशीच सोय, एफएसआर, बहुतेक कार्डांवर चालते, पण चित्र डीएलएसएसचं जास्त स्वच्छ दिसतं. या दोन्हींनी रंग भरणाऱ्यांचं काम कमी होतं, आखणाऱ्याचं नाही, हे विसरू नका.

इंटेलची आर्क कार्डं किमतीच्या मानाने भरपूर देतात, बी५८०वर तर बारा जीबी मेमरी आहे. तरी इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या मशीनसाठी मी ती सुचवणार नाही. त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते, तिच्यामुळे प्रोसेसर कार्डाची पूर्ण मेमरी एका वेळी बघू शकतो. ती नसेल तर वेग फार पडतो, आणि इतक्या जुन्या बोर्डांवर ती अधिकृतपणे नाही. बी४५० बोर्डावर रायझन ३६०० असेल तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून ती मिळते, पण मधल्या प्रोसेसरवर बी५८० पूर्ण ताकद दाखवत नाही हेही दिसून आलं आहे.

जीटीएक्स १०५० टीआयचं नाव अजून दुकानांत ऐकू येतं. २०१६चं कार्ड, एके काळी याच वर्गातलं लाडकं. आता घेऊ नका. त्या पिढीसाठी आणि भाच्याच्या ७५० टीआयच्या पिढीसाठी एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५पासून गेमचे नवे ड्रायव्हर थांबवले, सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतील. आरएक्स ५८०लाही आता ड्रायव्हर सावकाशच येतात. आणि २०२४च्या अखेरीपासून असे काही मोठे गेम आले आहेत जे रे-ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करणारं, हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. ५८०, १६५० आणि १६६० सुपर तिघांतही ते नाही. ६६०० आणि ३०५०मध्ये आहे. जुनेच गेम खेळणार असाल तर ५८० अजून पुष्कळ काम देतं, पण ते १८५ वॅट खातं आणि खोली तापवतं. एप्रिल-मेमध्ये घणसोलीच्या वन-रूममध्ये पंख्याखाली बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विजेच्या बिलाचीही धास्ती असते, म्हणून हिशोब देतो. ७५० टीआय ६० वॅटचं, ६६०० १३२चं, फरक ७२ वॅट. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला साधारण साडेसहा युनिट.

सेकंडहँड घ्यायला मी नाही म्हणत नाही, मी स्वतः घेतो. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आपल्या दादासाहेब भडकमकर मार्गावर, ठाण्याहून जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. तिथे नवं-जुनं दोन्ही मिळतं. पण आधी घरून मॉडेल ठरवून जा आणि समोरच्याने दुसरंच काही पुढे केलं तर एक दिवस थांबा. पक्कं जीएसटी बिल मागा. सेकंडहँडमध्ये मूळ बिल असेल आणि वॉरंटीचे काही महिने उरलेले असतील तर हजार रुपये जास्त देणं परवडतं. कार्डावरचा सीरियल नंबर बिलाशी जुळवून बघा.

बाजारात क्रिप्टो मायनिंगला जुंपलेली बरीच कार्डं फिरतायत. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांनी मायनिंग करायची गरज संपली आणि ती विक्रीला निघाली. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं मी मानत नाही. बऱ्याचदा चिप ठीक असते, झिजलेले असतात ते पंखे, आणि मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड वाळलेले असतात. मला जास्त भीती दमटपणाची वाटते. खाडीकडच्या इमारतींत खिडकीजवळ वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलेल्या कार्डांच्या ब्रॅकेटवर आणि स्क्रूंवर गंज दिसतो. गंज दिसला की कार्ड परत ठेवा. स्क्रूंवरचं सील फाटलं असेल तर का उघडलं होतं ते विचारा. 'चिपवरची थर्मल पेस्ट बदलली' हे उत्तर चांगलं आहे, 'रिपेअर केलं' हे नाही.

देणाऱ्याच्या घरी कार्ड मशीनमध्ये लावलेलंच बघा. वीस मिनिटं एखादा जड गेम चालवायला सांगा, तापमान बघा, पंख्यांचा आवाज ऐका, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा येतात का ते बघा. आणि जीपीयू-झेड उघडा. काही वर्षांपूर्वी जुन्या जीटीएस ४५०सारख्या कार्डांचा बायोस बदलून ती १०५० टीआय म्हणून विकली जायची. विंडोजलाही तेच नाव दिसायचं. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावाआधी 'फेक' असं लिहून दाखवतं. ५८०च्या बाबतीत '२०४८ एसपी' हे शब्द शोधा. ते नावाने ५८० असलं तरी आतून ५७० आहे. ५७०च्या किमतीत मिळालं तर हरकत नाही.

ऑफिसांतून निघालेल्या मशीनवाल्यांसाठी थोडं वेगळं. भाच्याचा ऐरोलीचा एक मित्र त्या दिवशी बाजूला बसून सगळं ऐकत होता. त्याच्याकडे डेलचं छोटं ऑप्टिप्लेक्स ९०२० आहे. प्रोसेसर भाच्यासारखाच, पण एसएमपीएस २५५ वॅटचा, कंपनीच्या खास आकाराचा, आणि बोर्डाला जोडणारी पिन नेहमीच्या २४ पिनांची नाही, आठची. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात थेट लागत नाही. कॅबिनेट इतकं बुटकं की पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, लो-प्रोफाइल लागतं, साधारण सात सेंटीमीटर उंचीचं. सहा जीबीचं ३०५० लो-प्रोफाइलमध्ये मिळतं, पण ते दोन स्लॉटची जाडी घेतं, आणि छोट्या मशीनमध्ये स्लॉटच्या अगदी शेजारी एसएमपीएसचा डबा आला तर तेवढी जागाच उरत नाही. तिथे एका स्लॉटचं आरएक्स ६४०० बसतं, त्याच्या चार लेनसकट. काही छोट्या ऑफिस मशीनमध्ये स्लॉटला पूर्ण ७५ वॅटही मिळत नाहीत. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हा आकडा असतो, तो बघितल्याशिवाय त्याने काही घेऊ नये असं मी त्याला बजावलं.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये स्लॉटपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने लांबी मोजा. मॉनिटरला फक्त जुनी निळी व्हीजीएची पिन असेल तर नव्या कार्डांना ती नसते, एचडीएमआयपासून व्हीजीए करणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागतो. मॉनिटर १,३६६ गुणिले ७६८चा असेल तर भरायचे ठिपके फुल एचडीच्या निम्मेच आहेत. मग स्वस्त कार्डही पुरतं आणि आधी मॉनिटर बदलावा का याचा विचार करा. मदरबोर्डचा बायोस शेवटच्या आवृत्तीवर आणून ठेवा, काही जुन्या बोर्डांवर त्याशिवाय नवं कार्ड चित्रच देत नाही. तिसऱ्या पिढीचा आय५ असेल तर त्यात एव्हीएक्स२ हे आदेश नाहीत, आणि काही नवे गेम त्यांच्याविना उघडत नाहीत. तिथे कार्डावर मोठा खर्च करू नये असं मला मनापासून वाटतं. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. व्हॅलोरंट विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतं. यातलं काहीही कार्डाने सुटत नाही.

शेवटी भाच्याने चार दिवस शोधून ठाण्यातच पाचपाखाडीला एक आरएक्स ६६०० मिळवलं, मूळ बिलासकट, वॉरंटीचे नऊ महिने शिल्लक. नवा ४५० वॅटचा एसएमपीएस घेतला. आणि आठ जीबी रॅमची दुसरी पट्टी. एकाऐवजी दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला रॅमपर्यंत जायच्या दोन वाटा मिळतात, आणि जुन्या मशीनमध्ये हा सगळ्यात कमी खर्चाचा फरक आहे. सगळं वीस हजारांत बसलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी ते लावलं. आधी जुन्या कार्डाचे ड्रायव्हर डीडीयू या प्रोग्रामने काढून टाकले, मशीन बंद करून वायर भिंतीतून काढली, धूळ ब्रशने झाडली. कार्ड बसताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी टक् वाजली ती त्याला ऐकवली, कारण अर्धवट बसलेलं कार्ड हा पहिल्यांदा लावणाऱ्यांचा नेहमीचा घोळ. ओपन-वर्ल्ड गेम आधी पंचविशीत धापा टाकायचा, तो हाय सेटिंगवर पंचावन्न-साठला स्थिरावला. व्हॅलोरंट आधी होता त्याहून किंचित वर गेला आणि तिथेच थांबला.

"मामा, यासाठी आता काय करायचं?" त्याने विचारलं. त्याच्या बोर्डावर आय७-४७७० बसतो. तोच सॉकेट, तेच ८४ वॅट, चार कोअर पण आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळणारा, आणि सेकंडहँड बाजारात अजून मिळतो. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत त्याचं नाव आहे का ते आम्ही लगेच बघितलं, होतं. स्वस्तात मिळाला तर घे म्हटलं. महाग सांगितला तर थांब, पुढच्या दीड वर्षाच्या शिकवण्यांतून नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घे. हे कार्ड आणि हा एसएमपीएस दोन्ही तिकडे उचलून नेता येतील.